थोरलीचा दुखवटा

त्या लेखकाचं नवं पुस्तक घरात आणायचं की नाही, यावर मी जेवढं डोकं शिणवलं तेवढं लेकीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा शिणवलं नव्हतं. स्थळ बघताना चार माणसांना विचारता तरी येतं. पुस्तकाचं कोणाला विचारणार? नवऱ्याला विचारलं, तर हे मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "पुस्तकच आहे ना, बॉम्ब थोडाच आहे." मला असला राग आला, की त्या दिवशीची आमटी मी मुद्दाम अळणी ठेवली. त्यांनी ती गुपचूप खाल्ली, त्याचाही राग आला.

पुस्तक मला हवं असतं तर प्रश्नच नव्हता. वाचलं असतं, नाही आवडलं तर दोन शिव्या घालून परत केलं असतं. पण ते हवं होतं सासऱ्यांसाठी, आणि मागच्या खेपेला ह्याच लेखकानं त्यांना खाटेला खिळवलं होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाटसच्या साखर कारखान्यात काढली आणि निवृत्त होऊन इनामगावला आपल्या घरी आले. मग काचबिंदूनं डोळे गेले. आता दार उघडं आहे की लावलेलं, एवढं त्यांना उजेडावरून कळतं. डोळे होते तोवर पेपरातली टेंडर नोटीससुद्धा सोडायचे नाहीत. डोळे गेले तसे पडवीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. जेवायला हाक मारली की "भूक न्हाई." मी अंगणवाडीत सेविका आहे. दुपारपर्यंत पोरांना नाचून गाणी म्हणून दाखवायची आणि घरी आलं की ही पाठ बघायची. मला ते सोसेना. एक दिवस वाचनालयातून आणलेली कादंबरी घेतली, त्यांच्या खाटेजवळ बसले आणि विचारलं-बिचारलं काही नाही, सरळ मोठ्यानं वाचायला लागले.

ती ह्याच लेखकाची. शिरूरच्या वाचनालयात त्याची पुस्तकं कपाटात टिकत नाहीत, एकीनं परत केलं की दुसरी तिथंच उभी असते. ग्रंथपाल बाई माझ्या ओळखीच्या, म्हणून माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

मामांनी आयुष्यात कादंबरी ऐकली नव्हती. त्यांनी ऐकली होती ती पोथी. त्यामुळं दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवून येते तर मामा हातपाय धुऊन, टोपी घालून, मांडी ठोकून तयार. मला हसूच आलं. पुढं कळलं, की हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. अध्याय लागला की तो अर्धवट सोडायचा नाही. दूध उतू जाऊ दे, फोन वाजू दे, दारात पाहुणा येऊ दे. पाहुण्यानंही बसून ऐकायचं. दूध घालायला येणारे आप्पा एकदा हातात किटली घेऊन कादंबरीतलं सबंध भांडण ऐकत उभे राहिले आणि जाताना मला विचारून गेले, "उद्या किती वाजता?" अध्याय संपला की मामा हात जोडायचे. कुठं नायक-नायिका बागेत बसलेली असली तरी हात जोडायचे. आणि त्यांचं जेवण वाढलं. रात्रीची भाकरी ते मागून घ्यायला लागले.

तिसरी कादंबरी लागली त्यात थोरली होती. एका घरातली थोरली सून. नवरा लवकर गेलेला, पदरात दीर-नणंदा. तिनं सगळ्यांचं केलं, स्वतःचं काहीच केलं नाही. मामांचा तिच्यावर जीव बसला. मी वाचत असताना तिच्याशी बोलायचे. "अगं त्या धाकट्याचं नको ऐकू, त्यो गोडबोल्या हाय." "आता जरा बस, सकाळधरनं उभी हायस." मी वाचायची थांबून म्हणायची, "मामा, तिला ऐकू जात नाही." तर ते म्हणायचे, "तू वाच गं. मी तुला बोलतोय का?" शेजारणीचं म्हणणं, की त्यांना सासूबाईंची आठवण येत असणार. काही नाही. सासूबाई माझ्यासारख्याच तोंडाळ होत्या, एक शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत. थोरली त्यांच्यासारखी मुळीच नव्हती. मामांना थोरलीच आवडायची, दुसरी तिसरी कोणी नाही.

आणि त्या मेल्या लेखकानं तिला मारली. मारली तर मारली, दोन ओळींत. खोकला होता, एका रात्री गेली, संपलं. पुढचा परिच्छेद धाकट्या दिराच्या निवडणुकीचा. तिथं गुलाल, जीपगाड्या, भाषणं, पानंच्या पानं. थोरलीला कोणी पाणी पाजलं का, तिरडी कोणी उचलली, काही नाही. मी वाचता वाचता पुढं गेले आणि मामांनी हात वर केला.

"थांब. तिचं काय झालं ते वाच."

"झालं मामा. एवढंच आहे."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, मग टोपी काढली, भिंत चाचपत न्हाणीत गेले आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. मयतीला जाऊन आल्यावर घेतात तसं. मी बाहेर पुस्तक धरून नुसती उभी. संध्याकाळी यांना भजी हवी होती म्हणून मी कढई ठेवली, तर पडवीतून आवाज आला, "कढई उतरव पोरी. घरात मयत झालीया."

आमच्याकडं रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की तळण होत नाही, सण होत नाही. मग सोयरे येतात. बाई गेलेली असेल तर तिच्या माहेरचे. ते कर्त्या माणसाच्या अंगावर नवं कापड घालतात, गोडाचा घास भरवतात, याला दुखवटा काढणं म्हणतात. तिथून पुढं घर मोकळं. खऱ्या माणसाचं सगळं ठरलेलं आहे. कादंबरीतल्या बाईचा दुखवटा कोणी काढायचा, हे मात्र कोणी ठरवून ठेवलेलं नाही. श्रावण गेला, पोळ्याला पुरण शिजलं नाही, गणपतीला मोदक नाहीत. हे न्हावऱ्याच्या फाट्यावर जाऊन वडापाव खाऊन यायचे आणि मला वास यायचा. भांडायची मी त्यांच्याशीच, कारण मामांशी काय भांडणार? ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. पहिल्यासारखेच. पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता भाकरी चतकोरावर आली होती.

मी दुसऱ्या लेखकांची पुस्तकं आणून बघितली. एकाची दोन पानं ऐकून मामा म्हणाले, "ह्यो लई हुशार हाय. ह्याला माणसांची गरज न्हाई." दुसऱ्याचं ऐकता ऐकता झोपून गेले. दौंडला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि काहीच निघालं नाही. "वय झालंय," म्हणाले. वय आषाढातही एवढंच होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगून आले.

आणि अशात ग्रंथपाल बाईंचा फोन. नवं पुस्तक आलंय, तुमच्यासाठी ठेवलंय, शिवाय पुढच्या रविवारी लेखक स्वतः शिरूरला येतोय, वाचनालयाच्या कार्यक्रमाला. मी जाऊन पुस्तक आणलं, पण घरी नेलं नाही. अंगणवाडीच्या कपाटात, पोरांच्या वजनकाट्यामागं ठेवलं. रोज काढायची, रोज ठेवायची. शेवटचं पान आधी बघावं, असं हजारदा मनात आलं. बघितलं आणि कोणी मेलेलं निघालं तर मी ते मामांपुढं वाचूच शकणार नाही. न बघता वाचलं आणि कोणी मेलं तर? एवढी एक मयत त्यांनी पोटात घेतली ती निघाली नाही, दुसरी आली तर हा माणूस मला परत मिळणार नाही. आणि आणलंच नाही, तर दुसऱ्या कोणाचं ते ऐकत नाहीत. मी कशातच लक्ष देईना. पोरांना खिचडी वाढताना एकीच्या ताटलीत दोनदा आणि एकाला वाढलीच नाही, ते बिचारं रडायला लागलं तेव्हा मला कळलं.

मारणाऱ्याच्याच दारात पुन्हा कशाला जायचं, असंही वाटायचं. जो एकदा असा वागला तो परत वागणार. माणसांच्या बाबतीत मी हेच करत आले. माझ्या एका मावसबहिणीनं भर लग्नात अपमान केला, तिच्याकडं मी पुन्हा पाऊल टाकलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण मावसबहिणीवाचून माझं अडत नव्हतं. ह्याच्यावाचून मामांचं अडलं होतं.

लेखक येणार ही बातमी मामांना दूधवाल्या आप्पांनी सांगितली. मी दुपारी घरी आले तर मामा माझीच वाट बघत होते.

"रविवारी मला शिरूरला ने."

"कशाला?"

"दुखवटा काढायचाय. माहेरच्यांनी काढाया पाहिजेल. तिच्या माहेरचं दुसरं कोन हाय?"

मी कपाळाला हात लावला. "मामा, त्यानंच मारली तिला."

"जल्म बी त्यानंच दिला न्हवं?" मग जरा वेळानं म्हणाले, "कारखान्यात लागायच्या आदी, आपल्या टेकाडावर खोदकाम चाललं व्हतं तवा मी पाट्या उचलाया जायचो. हजारो वर्षामागची मेलेली माणसं निघायची मातीतनं. त्यांच्याजवळ बी कुनी ना कुनी मडकं ठेवलेलं असायचं. ह्या पठ्ठ्यानं दोन वळी बी धड ठेवल्या न्हाईत. त्याला बोलावं तर लागंल."

मला वेगळंच काही सुचलं. मी नेणार, पण त्या लेखकाला सगळ्यांसमोर विचारणार, की बाबा रे, निवडणुकीला एवढा कागद होता, तिला का नव्हता? रविवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो, मामांना खिडकीची जागा दिली, आणि शिरूर येईपर्यंत मी मनात त्याला चांगला सोलून काढला. वाक्यं तयार होती. हे बरोबर यायला निघाले होते, त्यांना मी घरीच ठेवलं. नाहीतर हळू बोल, हळू बोल करून त्यांनी माझी वाक्यं मोडली असती.

हॉल गच्च भरला होता. लेखकाला शाल घातली, नारळ दिला, मग ज्यांना बोलायला सांगितलं नव्हतं तेही बोलले. त्याचं भाषण बरं होतं. लोक हसत होते. मी हसले नाही. कार्यक्रम संपला तशी लोकांनी फोटोसाठी झुंबड उडवली. मी मामांचा हात धरून गर्दीत घुसले. कोपर कसं मारायचं हे पाण्याच्या टँकरपुढं उभं राहून शिकलेलं असतं, ते कामी आलं. समोर पोहोचलो तर तो मला वाटला होता त्याहून बारीक आणि दमलेला निघाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी हात पुढं केला, त्याचा हात सापडला तसा धरून ठेवला.

"आमी इनामगावचं. आमची थोरली गेली."

लेखक गोंधळला. मी त्याच्याकडं बघत होते. मला वाटलं, आता ह्याच्या ध्यानात येईल. नाही आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मामांच्या डोळ्यांकडं. "कधी गेल्या?"

"श्रावण लागायच्या आधी. खोकला व्हता. कुनी ध्यान दिलं न्हाई."

"आजारपण काढलं का खूप?"

"काढाया मिळालंच न्हाई. एका रातीत गेली. समद्यांचं केलं तिनं, पोरं वाढवली, आन् जाताना पाणी पाजायला कुनी नव्हतं. मला लई लागलं ते. तुमच्यापाशी बोलावं म्हणून आलो."

तिचाच खोकला, तिचीच रात्र, सगळं त्यानंच लिहिलेलं. आणि हा माणूस असं ऐकत होता, जसं पहिल्यांदाच ऐकतोय. त्याला वाटलं आमच्या घरातली खरीखुरी बाई गेली. थोरली त्याच्या मनातून पार पुसली गेली होती. माझ्या अंगाचा भडका उडाला. माझी सगळी वाक्यं ओठांवर आली.

तेवढ्यात त्याचे डोळे भरले. शेजारी संयोजक म्हणत होता, सर, जेवायला चला, गाडी थांबलीय. तो गेला नाही. व्यासपीठाच्या पायरीवर मामांना बसवलं, आपण खाली जमिनीवर बसला आणि मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. "फार वाईट झालं हो," म्हणाला. "असं कोणी एकटं जाऊ नये." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, खांद्यावरची ती नवी शाल काढली आणि मामांच्या अंगावर घातली. कोणीतरी प्रसादाचे पेढे फिरवत होतं, त्यातला एक घेऊन त्यानं मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो तिथंच खाल्ला.

माझी तयार वाक्यं तयारच राहिली.

परत येताना एसटीत उकडत होतं, तरी मामांनी शाल काढली नाही. न्हावरा येईपर्यंत शेजारच्या माणसाशी बोलत होते, कारखान्याच्या गोष्टी सांगत होते. मी मात्र बसल्या जागी वळवळत होते. मामांना वाटत होतं माहेरच्यानं कापड घातलं. त्यानं घातलं खरं, पण कोणासाठी घालतोय हे त्याला माहीतच नव्हतं. सांगावं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडं वळेल. न सांगावं तर मी त्यांना खोट्यावर बसवून ठेवलंय. आणि त्या लेखकाचं काय करायचं? स्वतःच्या थोरलीला विसरणारा माणूस. आणि अनोळखी म्हाताऱ्यापुढं, जेवण सोडून, जमिनीवर बसणारा माणूस. मला त्याचा राग धरता येईना आणि सोडताही येईना, आणि ह्याचाच जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी सकाळीच फर्मान काढलं, की भजी कर. हे आनंदानं कांदे चिरायला बसले. दुपारी मी अंगणवाडीतून येताना पुस्तक पिशवीत घालून आणलं. का आणलं, सांगता येणार नाही. खाटेजवळ ठेवलं, तर मामांनी हात फिरवून ओळखलं.

"त्याचं हाय?"

"हो. पण आधी एक सांगते, मग ठरवा." माझ्यानं राहवलंच नाही. "मामा, त्याला थोरली आठवत नव्हती. मी तोंड बघितलं ना त्याचं. त्याला वाटलं, आपल्या घरातली खरी बाई गेली. म्हणून शाल घातली. पुस्तकातलीसाठी नाही घातली."

मामांचा हात पुस्तकावर तसाच. मला वाटलं, संपलं, आपल्या हातानं घालवलं. आत कढईत काही तडतडत होतं आणि हे आतून ओरडून मीठ कुठं आहे ते विचारत होते.

"खरी समजला?" मामांनी विचारलं.

"हो."

"आन् रडला?"

"डोळे भरले होते. मी बघितले."

मामांनी मान हलवली. "मग झालं की. पुस्तकातली म्हणून मारली तवा दोन वळीत उरकली. खरी हाय म्हणल्यावर खाली बसला का न्हाई? त्याला ठावं नसंना का. तिच्यासाठीच बसला त्यो." बोटं पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर फिरत राहिली. "माणूस वाईट न्हाई. घाई केली त्यानं. वाच."

"ह्यातही कोणी मेलं तर?"

"मेलं तर मेलं. आता सोयरा झाला आपला. सोयऱ्याकडनं वंगाळ सांगावा येईल म्हणून दार लावून घेत्यात व्हय?"

मी पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचता वाचताच माझी नजर खाली धावली, पुढं कोणी मरतंय का ते बघायला. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडले. मामा भिंतीकडचं तोंड फिरवून माझ्या दिशेला वळून बसले.

"सावकाश वाच," म्हणाले. "कुठं जायचंय आपल्याला."